मास्तरचं चालू

बोअरच्या गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, मला फसवले. पैशाने नाही, मापाने नाही, एका शब्दाने फसवले. आणि तो शब्द त्याला माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने स्वतःच्या तोंडाने पुरवला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात ही गोष्ट आता गंमत म्हणून सांगितली जाते. गंमत म्हणून ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, की यात कोणाचे तरी वाटोळे झाले आहे.

आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे हायवेला लागून माझे लॉऱ्या धुण्याचे सेंटर आहे. मी बादली आणि फडके घेऊन सुरुवात केली होती. सासुरवाडीचे सगळे लोक मास्तर नाहीतर बाबू. पहिल्या तारखेला ज्यांचा पगार होतो, त्यांना माझा धंदा काय हे कोणाला सांगताना अडखळायला होत असे. मेहुणे मला ‘जवाईबापू’ म्हणत, पण ते अशा सुरात, की घरात आलेल्या नळवाल्याला साहेब म्हणावे. मेहुणे म्हणजे तेच थोरले भाऊ, मास्तर. जन्म आदिलाबादेत गेला, पोरांना मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि इतक्या वर्षांत तेलुगू आली नाही याचा त्यांना अभिमान आहे. बाजारात भाजी घ्यायला गेले तरी बोटाने दाखवतात. भाषा शुद्ध राहते म्हणे.

माझी शुद्ध राहिली नाही. रस्त्यावर उभे राहून मी पंजाब्याशी हिंदीत बोललो, करीमनगरकडच्या ड्रायव्हरशी तेलुगूत बोललो, यवतमाळवाल्याशी आपल्या बोलीत. त्यातून एक गोष्ट शिकलो. शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, तो कोण म्हणतो आणि त्या वेळी त्याचा पाय कुठे आहे यावर ठरतो. ‘देख लेंगे’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरचा एक पाय गाडीत असेल, तर तो परत येत नाही. तेलुगू माणूस ‘चूद्दाम’ म्हणतो, म्हणजे बघू. पण बसून म्हणाला तर भाव उतरवायला जागा आहे, उभा राहून म्हणाला तर नाही. आपला मराठी माणूस ‘पाहू’ म्हणतो, तेव्हा तो चहा पिऊन जातो आणि कधीच पाहत नाही. हे कोणत्या शाळेत शिकवत नाहीत. शिकवले असते तर मास्तरांना आले असते.

माझी जुनी बोअर आटली. उन्हाळ्यात पाइपातून नुसता वारा यायचा. त्याच वेळी आदिलाबादेतला लॉऱ्यांचा एक मोठा मालक, ज्याच्या गाड्या कापसाच्या गाठी वाहतात, मला म्हणाला की बारमाही पाण्याची खात्री दे, माझ्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे लावतो. या एका कामाकडे डोळे लावून मी इतकी वर्षे बसलो होतो. नवी, खोल बोअर हवी होती. बाकी सगळे माझ्यापाशी होते.

म्हणून गुत्तेदाराला बोलावले. हा तेलुगू घरचा, पण वाढला मराठी गल्लीत, मास्तरांच्या घरासमोर. लहानपणी आमच्या सासूबाईंच्या हातची भाकर खाऊन मोठा झाला. माझ्याशी, मास्तरांशी, माझ्या बायकोशी तो कायम मराठीच बोलत आला. आणि तेही असे, की आंधळ्याने ऐकले तर भीमपूरकडचा पाटील समजेल. बोअर मारायचे मशीन त्याचे स्वतःचे. त्याला फुटावर काम हवे होते, मला गुत्त्यावर. फुटावर काम म्हणजे मशीन जितके खाली तितका त्याचा फायदा. गुत्त्यावर म्हणजे ठरलेल्या रकमेत ठरलेल्या खोलीपर्यंत जायचे, मग लवकर थांबण्यात त्याचा फायदा. मी अख्खी दुपार त्याला घासला आणि गुत्त्यावर आणला. पण गुत्त्यातले भोक मला दिसत होते. म्हणून वरून एक अट घातली: ठरल्या खोलीच्या आधी मशीन थांबेल ते फक्त माझ्या माणसाने ‘बस’ म्हटले तर.

‘बस’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. तो मराठीत आहे, हिंदीत आहे, आमच्याकडचे तेलुगू लोकही तो बोलतात. पोलीस म्हणतो, वाढणारीला जेवणारा म्हणतो, गाडी मागे घेताना क्लीनर म्हणतो. बस म्हणजे खाली बस आणि बस म्हणजे सरकारी गाडीसुद्धा, हे मलाही माहीत आहे. पण धडधडत्या मशीनसमोर उभे राहून कोणी गाडीची चौकशी करत नाही.

गुत्तेदाराने माझ्या हातावर हात मारला. “तुमी बस म्हना, मंग बंद. नाई म्हनलं तं पाताळात जाऊन राह्यलो समजा.”

कामाच्या दिवशी सकाळी नारळ फुटला, लिंबू कापले, मशीन सुरू झाले. तेवढ्यात लॉऱ्यांच्या मालकाचा फोन आला की आजच ये, बोलणी संपवू, उद्या तो हैदराबादला जाणार. मला जावे लागले. माझा माणूस म्हणून मास्तरांना ठेवले. दुसरे कोणी मोकळे नव्हते, आणि बायको म्हणाली, दादा शिकलेले आहेत, नीट लक्ष देतील. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. कोणी काही विचारले तर मला फोन करा. आणि ‘बस’ म्हणू नका.

त्यांनी ‘बस’ म्हटले नाही. एवढे मात्र खरे.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा मशीन गेलेले होते. राखाडी भुकटीचा ढीग, ओला चिखल थोडासा, आणि पाइपावर झाकण ठोकलेले. मास्तर सावलीत खुर्ची टाकून बसले होते, रुमालाने चष्मा पुसत.

“झालं?” मी विचारले.

“झालं म्हणजे, ते गेले. मी तर चालू ठेवा म्हणालो होतो.”

मग त्यांनी सांगितले ते असे. खालून भुकटी ओलसर येऊ लागली. मशीनचा आवाज इतका, की शेजारचा माणूस ऐकू येईना. गुत्तेदार जवळ आला, त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि विचारले, “मास्तर, चालू?” यांना वाटले, पुढे चालू ठेवू का म्हणून विचारतो आहे. यांनी वर्गात फळ्याकडे बघत पोरांना करावा तसा हात हलवला आणि म्हणाले, “चालू, चालू.” गुत्तेदाराने मागे वळून मशीनवाल्याला हात केला. मशीन बंद. दांडे वर. झाकण. मास्तर बघत राहिले. मला फोन केला नाही. का, विचारले तर म्हणाले की तज्ज्ञ लोक काही करत असतील.

तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. आपल्याकडे ‘चालू’ म्हणजे सुरू. आदिलाबादेत राहणाऱ्या कोंबड्यालाही हे माहीत आहे. मास्तरांना माहीत नव्हते, कारण त्यांची भाषा शुद्ध होती. तिकडचा उकार ऱ्हस्व, आपला दीर्घ. ज्या माणसाने जन्मभर ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे कान पिळले, त्याला ऐन वेळी स्वतःच्या कानाने तो उकार ऐकू आला नाही.

पाइपात मोटर सोडली. पाणी आले, थोडा वेळ आले, एका लॉरीचा पुढचा भाग धुऊन झाला आणि मोटर कोरडी फिरू लागली.

गुत्तेदाराला फोन लावला. तो भीमपूरला होता, दुसऱ्या कामावर. त्याच दिवशी, त्याच मशीनसह. माझ्याकडून निघाला तो सरळ तिकडे गेला होता. म्हणाला, “आमी काऊन थांबू? मास्तरनं चालु म्हनलं. तुमच्याच मानसानं म्हनलं.” मी म्हणालो, चालू म्हणजे काय ते तुला समजत नाही का. तो हसला. “आमी तेलुगू मानसं, दादा. आमाले आमचंच समजते.”

मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहीत नाही. माझा राग वाईट आहे, हे सगळे जाणतात. त्या दिवशी तो कमी पडला.

बायको म्हणाली, “दादाले काई म्हनू नका. त्याले मशीनचं काय समजते.” मी म्हणालो, मशीनचे नव्हे, त्याला भाषेचे समजायला पाहिजे होते, सरकारने त्याला त्याचाच पगार दिला. 

मग बैठक बसली. आमच्याकडे अशी भांडणे तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका बाबूच्या ओसरीवर जातात. हा बाबू अजून निजामाच्या जमान्यातले शब्द बोलतो. तक्रार करणाऱ्याला ‘मुद्दई’ म्हणतो, त्याच्या म्हणण्याला ‘कैफियत’. लोकांना वाटते असे शब्द बोलणारा न्याय करत असणार. मी गेलो, कारण मला एकच गोष्ट हवी होती: गुत्तेदाराने मशीन परत आणावे आणि उरलेली खोली पुरी करावी. पैसे परत नकोत, माफी नको. पाणी हवे. लॉऱ्यांचा मालक थांबायला तयार होता, पण कापसाचा हंगाम लागेपर्यंतच.

गुत्तेदार पांढरीशुभ्र पँट घालून आला. मास्तरही आले. समोरच्या हॉटेलातून चहावाला किटली घेऊन आला.

बाबूने दोघांचे ऐकले. मी सांगितले की ठरलेला शब्द ‘बस’ होता. हा ‘चालू’ मध्ये कुठून आला? बाबू म्हणाला, “लफ्जावर काऊन अडून बसता? मतलब पाहा.” मी म्हणालो, मतलबच तर पाहून राह्यलो, त्याचा. यावर तीन-चार जण हसले. त्यानंतर ओसरीवर जे झाले ते भांडण नव्हते, व्याख्यान होते. दोन भाषा शेजारी राहिल्या की असे होतेच, एकाचा ‘पुरे’ दुसऱ्याचा ‘सुरू’, काय मौज आहे बघा. कोणी म्हणाला, तेलुगूत ‘पाप’ म्हणजे लहान लेकरू. कोणी म्हणाला, ‘विचारम’ म्हणजे दुःख. वा वा झाली. मास्तरही त्यात शिरले आणि संस्कृतातून काहीतरी सांगू लागले. माझी बोअर सगळे विसरले. मी तिथे बसून विचार करत होतो, मराठी अर्थाने आणि तेलुगू अर्थानेही.

चहावाला पुन्हा आला. गुत्तेदाराचा कप अर्धा होता. चहावाल्याने किटली वाकवली तशी गुत्तेदाराने कपावर हात आडवा धरला आणि म्हणाला, “सालु, सालु.”

मी तो शब्द ऐकला आणि मला माझे उत्तर मिळाले. आमच्याकडचे खेड्यातले, गल्लीतले तेलुगू लोक पुरे म्हणायला ‘चालु’ म्हणत नाहीत. ‘सालु’ म्हणतात. ‘चालु’ पुस्तकात असते, बातम्यांत असते, शिकल्या-सवरलेल्यांच्या तोंडी असते. हा गुत्तेदार जेवताना सालु म्हणतो, दारूच्या ग्लासावर सालु म्हणतो, मशीनवाल्याला थांबवताना सालु म्हणतो. मी त्याला वर्षानुवर्षे ऐकले आहे.

मी चहावाल्याला म्हणालो, “टाक अजून.”

“ते सालु म्हणून राह्यले ना.”

“ते मास्तरशी बोलताना चालू म्हणतात. चालू म्हणेपर्यंत टाक.”

चहावाला माझ्या सेंटरवरचे जुने गिऱ्हाईक, त्याचा टेम्पो मी धुतो. त्याने किटली वाकवली. गुत्तेदाराने हात काढला, कारण भाजला. कप भरला, बशी भरली, चहा पांढऱ्या पँटीवर आला. गुत्तेदार उठून ओरडला, “सालु रा!” पुरे रे. सगळी ओसरी ऐकत होती.

मी विचारले, “तुले तुझा शब्द येते. मंग बोअरवर चालू काऊन झालं? मास्तरचा कान मराठी हाय हे तुले माहीत होतं. तू मराठीत विचारलं आणि तेलुगूत ऐकलं.”

थोडा वेळ मला वाटले, झाले. मशीन परत येणार.

गुत्तेदार पँट झटकत होता. मग तो माझ्याकडे नव्हे, मास्तरांकडे वळला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “मास्तरसंग आमी घरचं बोलू का? एवढा शिकलेला मानूस. त्यांच्यासमोर आमी पुस्तकातलंच बोललो. मान ठेवाले नको?”

आणि मास्तर फुलले. माझ्या डोळ्यांदेखत फुलले. पाठ सरळ झाली, चष्मा वर गेला. ते म्हणाले, “हो, ते मात्र तो पहिल्यापासून पाळतो. माझ्याशी बोलताना त्याची भाषा वेगळी असते.” तेलुगूतल्या चार शब्दांची ज्याला ओळख नाही, त्याने ओसरीवर बसून ग्वाही दिली, की हा माझ्याशी शुद्ध तेलुगू बोलला. फसवला गेलेला म्हातारा म्हणवून घेण्यापेक्षा मान दिला गेलेला विद्वान म्हणवून घेणे त्यांना बरे वाटले. त्यासाठी माझी बोअर गेली.

बाबूने फैसला दिला: गैरसमज. कसूर कोणाचाच नाही. दोघांनी हात मिळवा.

गैरसमज हा शब्द ज्याने काढला त्याला मी एकदा भेटणार आहे. समज चुकला असे म्हटले की चुकवणारा माणूस वाक्यातून निघून जातो. हात मिळवायला मी पुढे आलो नाही. गुत्तेदार आला, सगळ्यांना दिसेल असा हात पुढे करून उभा राहिला, आणि तो घेतला नाही म्हणून लोकांच्या लेखी भांडखोर मी ठरलो.

हंगाम लागला. लॉऱ्यांच्या मालकाने त्याच्या गाड्या दुसऱ्या सेंटरला लावल्या. मला त्याचा राग नाही. त्याने जे म्हटले तेच केले, असा माणूस दुर्मिळ आहे. मी टँकर मागवतो आणि दिवसाला पाच-सहा गाड्या कशाबशा धुतो.

पुढचे तर आणखी नीच आहे. ओसरीवरची गोष्ट बाजारात गेली, बाजारातून हायवेवर आली. आता ड्रायव्हर लोक नाव चालू, काम बंद अशा कोणत्याही गोष्टीला ‘मास्तरचं चालू’ म्हणतात. गावात वीज आहे का विचारले तर सांगतात, तारा आहेत, मास्तरचं चालू. दवाखाना उघडा आहे का? दार उघडे, डॉक्टर नाही, मास्तरचं चालू. परवा तलमडुगूकडचा एक अनोळखी ड्रायव्हर, ज्याला ना मी माहीत ना मास्तर, माझ्याच सेंटरसमोर गाडी हळू करून मला विचारत होता, “पानी हाय का, का मास्तरचं चालू?” मी त्याच्या काचेवर ओले फडके फेकले. तो बिचारा घाबरून निघून गेला. शब्दाला अर्थ कसा चिकटतो ते मी असे पाहिले. कोणाचे तरी तोंड कोरडे पडते आणि बाकीच्यांना बोलायला एक नवा शब्द मिळतो.

आणि मास्तर? त्यांना याचाही आनंद आहे. वाचनालयात त्यांचे भाषण झाले, भाषेत नवा वाक्प्रचार कसा जन्माला येतो यावर. उदाहरण म्हणून स्वतःचेच दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुत्तेदार पहिल्या रांगेत बसला होता, आणि शेवटी त्यानेच नारळ आणि शाल देऊन त्यांचा सत्कार केला. बायको जाऊन आली, घरी येऊन म्हणाली, दादा छान बोलले. मी विचारले, कोणाच्या पाण्यावर? ती आत निघून गेली.

मला भाषण नको. वाक्प्रचारही नको. मास्तर, मला तुमच्याकडून एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे, आणि ते ओसरीवर, बाबूसमोर, त्याच चहावाल्यासमोर हवे आहे. हा माणूस तुमच्या समोरच्या घरात वाढला. तुमच्या आईच्या ताटात जेवला. त्या दिवशी मशीनजवळ तुमच्या कानाशी तोंड नेण्याआधी, उभ्या आयुष्यात, तो तुमच्याशी तेलुगूचा एक तरी शब्द बोलला होता का? हो किंवा नाही. हो असेल तर कोणता शब्द, ते सांगा, मी त्याच क्षणी गप्प बसतो. नाही असेल तर उठा, त्याला घेऊन माझ्या कोरड्या पाइपापाशी या, आणि त्याला तुमच्या शुद्ध मराठीत सांगा की मशीन चालू कर. मला तुमचा जबाब पाहिजे. पुढचा हंगाम लागायच्या आत पाहिजे.